इस्त्री केलेला बैल

अन्याय झाला तो आमच्या ड्रॉइंगच्या मॅडमवर, आणि त्यांनी काढलेल्या एका बैलावर. गेल्या तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याच्या दिवशी, दुपारी चार वाजता, आपल्याच जिल्ह्यातल्या एका सांस्कृतिक मेळ्यात, माणसांनी भरलेल्या मंडपात. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी कोणाला ढकललं नाही, एक खुर्चीसुद्धा जागची हलली नाही. खुर्ची हलली नाही, हाच पुरावा आहे.

मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहिते. पाणी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, एसटीची बंद पडलेली फेरी, ज्याच्यावर म्हणाल त्याच्यावर. पहिल्या ओळीत कोणावर, कधी, कुठे ते सांगून टाकायचं अशी आमची रीत, म्हणून सांगून टाकलं. आता मॅडमविषयी सांगते. त्या कळल्याशिवाय हा अन्याय कळायचा नाही, आणि त्या काही एका पत्रकात मावत नाहीत.

बाभुळगावला त्यांनी सगळी नोकरी चित्रकला शिकवण्यात घालवली. मी त्यांच्या हाताखालून गेलेली. चित्रकलेच्या तासाला कोणी दप्तरातून पट्टी काढली, की मॅडम शांतपणे यायच्या, पट्टी उचलायच्या आणि खिडकीतून बाहेर फेकायच्या. खिडकीखाली मास्तरांचा सायकल स्टँड होता. तास संपला की आम्ही सगळे सायकलींमधून आपापल्या पट्ट्या गोळा करायचो. हेडमास्तरांनी एकदा हटकलं, तर मॅडम म्हणाल्या की ती गणिताच्या सरांची वस्तू आहे, त्यांच्या तासाला चालेल.

विनय हा गुण त्यांच्या अंगात औषधालाही नव्हता. "या जिल्ह्यात बैलाचा गुडघा मलेच काढता येते," हे त्या कोणालाही, न विचारता, पहिल्याच भेटीत सांगायच्या. रस्त्याने जाताना भिंतीवर रंगवलेलं कुठलंही जनावर दिसलं की थांबायच्या. एका दूध डेअरीच्या पाटीवर पेंटरने गायीला घोड्याचे पाय लावले होते. मॅडमनी डेअरीवाल्याला बोलावून सांगितलं की ही गाय खाली बसली तर पुन्हा उठणार नाही. तो हसला. दुसऱ्या दिवशी मॅडम कोळसा घेऊन गेल्या आणि स्टुलावर चढून पाय दुरुस्त करून आल्या. डेअरीवाला आठवडाभर चिडलेला होता. मग गिऱ्हाइकं पाटीकडे बघून थांबायला लागली, तसा तो गप्प झाला. ते पाय अजून तसेच आहेत.

माझ्या पत्रकांवर त्यांचा खास राग. विषयांवर नाही, उद्गारचिन्हांवर. पत्रक हातात घेऊन, चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणायच्या, "काय वं पत्रकबाई, एवढे खुंटे ठोकले. वावराले कुंपण घालून राह्यली का?" मी चिडून पुढच्या पत्रकात एकही ठेवलं नाही. ते पत्रक लोकांनी शेवटपर्यंत वाचलं. मॅडमना मात्र मी हे कळू दिलं नाही, नाहीतर गुडघ्याच्या जोडीला हेही सांगत फिरल्या असत्या.

आता हेडसेटचं, म्हणजे त्या व्हीआरच्या डब्याचं सांगते. निवृत्त झाल्यावर मॅडम भाच्याच्या लग्नाचे कपडे घ्यायला नागपूरला मॉलमध्ये गेल्या. तिथे डोळ्यांवर डबा बांधून जंगल दाखवत होते. डोकं फिरवाल तिकडे चित्र, मागे वळलात तर मागेही चित्र. बाकी सगळे कपड्यांच्या दुकानात, आणि मॅडम त्या डब्यात. बाहेर आल्या आणि तिथल्या मुलाला विचारलं, हे झाड कोणतं? तो म्हणाला, ट्री आहे मॅम. मॅडमनी विचारलं, सागाचं का पळसाचं? तो बराच विचार करून म्हणाला, "नॉर्मल ट्री."

त्या दिवसापासून 'नॉर्मल ट्री' ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी. कंटाळवाणा पाहुणा नॉर्मल ट्री, पाणचट चहा नॉर्मल ट्री, एकदा तर आमच्या संघटनेचा जिल्हाध्यक्षही.  पण नागपूरहून परतल्यावर बसमधून उतरताना बहिणीला म्हणाल्या म्हणे, की डबा चांगला आहे, आत भरणारे बरोबर नाहीत.

त्यानंतर त्यांनी टाकी घेतली. घेतली म्हणजे घरचीच, गच्चीवरची काळी प्लास्टिकची, तळाला तडा गेलेली. आमच्याकडे फुटकी टाकीही कोणी फेकत नाही, निदान कडबा भरतात. मॅडमनी तिला कडेने दार कापून घेतलं, आतून पांढरा रंग दिला आणि एका बंद पडलेल्या सलूनमधली फिरती खुर्ची आणून मधोमध ठेवली. वरचं झाकण काढलं की उजेड. आतल्या भिंतीला कागदाच्या लांब पट्ट्या गोल चिकटवायच्या, मध्ये बसायचं, आणि खुर्ची फिरवत फिरवत चारही बाजूंनी चित्र काढायचं. मी विचारलं, टेबलावर का नाही? म्हणाल्या, "टेबलावर काढलं तं ते समोरच राह्यते. मले मागून काढाचं हाय."

उन्हाळ्यात त्या टाकीचा तंदूर व्हायचा. मॅडम वर ओलं बारदान टाकायच्या आणि आत बसायच्या. बाहेर फक्त आवाज यायचा, गुणगुणण्याचा किंवा स्वतःशीच भांडणाचा. शेजारच्या वहिनींना सवय झाली होती. एकदा नवा पोस्टमन आला, मॅडम कुठे आहेत म्हणून विचारलं, वहिनी धान्य निवडतानिवडता म्हणाल्या, "मॅडम टाकीत हायेत." पोस्टमनने पिशवी टाकली आणि बुडणाऱ्याला वाचवायला जिना चढून धावत सुटला. वर जाऊन टाकीत डोकावतो तर आत नाकाला काजळ लागलेल्या एक बाई. त्यांनी त्याला आत बसवलं, एक फेरी फिरवलं आणि विचारलं की डाव्या बाजूचं कुत्रं नीट जमलं का. तो आजही टपाल द्यायला जिना चढून वर जातो.

शाई त्यांची स्वतःची. दिव्याचं काजळ आणि बाभळीचा डिंक. ब्रशऐवजी चावून मऊ केलेली काडी. आणि कागद? माझे. माझ्या उरलेल्या पत्रकांची कोरी पाठ. गठ्ठेच्या गठ्ठे त्यांनी उचलून नेले आणि वर सुनावलं, की तुझ्या चळवळीचा काहीतरी उपयोग झाला.

चित्रं तयार झाली की ती जायची बसस्टँडवर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या रियाजभाईकडे. तो एकेक चित्राचा फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर जोडायचा, एकामागून एक पळवायचा, आणि पट्ट्यांची दोन टोकं अशी जुळवायचा की मोबाइल अडकवून डोळ्यांवर लावायच्या स्वस्त डब्यात गोल दिसावं. हे सगळं गिऱ्हाइकांच्या फुटक्या स्क्रीन बदलता बदलता. पहिल्याच दिवशी त्याने सुचवलं, मॅडम, तुम्ही एकच बैल काढा, मी त्याचे पाय वेगळे कापून हलवतो, चालायला लागतो बरोबर. मॅडम म्हणाल्या, "पाय कापलेला बैल कुठी चालते बे रियाज?"

त्यांचा नियम असा: प्रत्येक पावलाला नवा बैल. आधीचा समोर ठेवायचा, बघायचा, आणि कोऱ्या कागदावर पुन्हा काढायचा. खाली दिवा लावून गिरवायचा नाही. गिरवलेलं दिसलं की फाडायच्या. साहजिकच दोन बैल कधी अगदी सारखे यायचे नाहीत, कुठे पाठ केसभर वर, कुठे कान जरा खाली. एकामागून एक पळवले, की रेघ थरथरायची. बैल उभा असतानाही पाठीची रेघ किंचित हलत राहायची. रियाजभाई म्हणाला, मॅडम, ये लाइन काँप रही है, लोक म्हणतील मोबाइल बिघडला. मॅडमनी त्याचाच हात धरून त्याच्याच छातीवर ठेवला. म्हणाल्या, "तू गप बसला तरी हे हलतेच ना? मंग त्या बैलानं काय पाप केलं?"

तेव्हापासून रियाजभाईने लाइन सरळ करण्याचं नाव काढलं नाही. उलट दुकानात येणाऱ्यांना तोच छातीवर हात ठेवून समजावू लागला.

गोष्ट साधी होती. डबा डोळ्यांवर लावला की तुम्ही तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. खाली चाकं, गळ्यात दोरी. एक मुलगी तुम्हाला ओढत नेते. तुम्हाला जग दिसतं ते गुडघ्यांपासून खालचं: पायजमे, नऊवारीचे काठ, चपला, एक कुत्रं. सगळी मुलं आपापले बैल मिरवतात, आणि तुम्हाला काही केल्या कळत नाही की आपण बैल आहोत की लाकूड. मग मागून खरा बैल येतो. मोठा, शिंगं रंगवलेला, पाठीवर झूल. तुमच्या गालाला घासून पुढे जातो. थांबतो, मागे वळतो, आणि तुम्हाला हुंगतो. संपलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डबा काढला, आपला गाल चाचपला आणि डबा पुन्हा लावला. 

त्या जवळून जाणाऱ्या पोटावर एक गंमत आहे. एका चित्राचा फोटो काढताना कागदामागची अक्षरं उमटली. बैलाच्या पोटावर, उलटा, माझ्या पत्रकातला 'निषेध'. रियाजभाई पुसायला निघाला तर मॅडमनी त्याच्या हातातला माउसच काढून घेतला. म्हणाल्या, राहू दे, त्याच्याही पोटात काही असेल.

पण गोष्ट लोकांना दाखवायला लागल्यावर एक अडचण निघाली. कोणी डोकंच फिरवेना. टीव्हीसमोर बसतात तसे लोक नाकासमोर बघत बसायचे, आणि खरा बैल तर मागून यायचा. म्हणून मॅडमनी मुलगी निघताना मागून तिच्या आईची हाक टाकली, "अवं, थांब जराशी." हाक ऐकली की माणूस वळतोच.

पहिलेच बसले शेजारचे आबाजी. हाक आली, आबाजी वळले नाहीत. त्यांनी डबा काढून मांडीवर ठेवला.

"निघतानी मागून हाक मारली," ते म्हणाले. "आता हे पोट्टी पोचत नाई."

मॅडमनी सांगून पाहिलं की आबाजी, ही गोष्ट आहे. आबाजी म्हणाले, गोष्ट असली म्हणून काय झालं, पोरगी तर निघाली ना. त्यांच्या मागे बसलेल्या बायाही उठल्या. त्यांचंही तेच, घरातून निघालेल्या माणसाला कोणी मागून टोकतं का? मॅडम दोन दिवस गल्लीशी बोलल्या नाहीत. मग टाकीत शिरल्या, आणि हाक काढून तिथे घुंगरमाळ घातली. आधी लांब, मग जवळ, मग अगदी कानाच्या मागे.

आबाजींना पुन्हा बोलावलं. ते कुरकुरत बसले. घुंगरं वाजायला लागली. आबाजींनी डोकं फिरवलं नाही. ते सरळ खुर्चीतून उठले, धोतराचा सोगा हातात धरला, बाजूला होऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि वहिनींना उद्देशून म्हणाले, "सरका बाई, जनावर येऊन राह्यलं." मग वाट देऊन झाल्यावर त्यांनी मान वळवली आणि तो गेला तिकडे बघत राहिले. बाया हसूनहसून लोळल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या आबाजींच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या.

त्यानंतर त्यांनी कोणालाही आवडलं का म्हणून विचारलं नाही. फक्त खुर्ची बघायच्या. उठले की जमलं. आणि लोक उठायचे. एक मावशी उठून हात पुढे करायच्या, हवेत बैलाच्या कपाळाला लावायच्या, मग स्वतःच्या कपाळाला. दर वेळी. आमच्या संघटनेचा जिल्हाध्यक्षही उठला, आणि त्या दिवसापुरता तो नॉर्मल ट्री राहिला नाही.

मेळ्याच्या समितीचे सचिव गच्चीवर आले ते असंच ऐकून. बघितलं, उठले, भिंतीला लागले. खाली येऊन मॅडमना हात जोडले आणि म्हणाले, यंदा तान्ह्या पोळ्याला हे आपल्या मंडपात पाहिजेच. मॅडमनी रियाजभाईकडून प्रत काढून दिली. हेडसेट पुरवायला बाहेरगावची कंपनी होती, प्रत तिच्याकडे गेली.

त्या दिवशी मॅडम नवी साडी नेसून गेल्या. मी आणि रियाजभाई बरोबर. मंडपात ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर डबा बांधलेला माणूस. बाजूला फलक: 'संकल्पना : एक स्थानिक ग्रामीण महिला'. माझं डोकं तिथेच फिरलं. ज्या बाईने तालुक्याच्या दोन पिढ्यांना पेन्सिल धरायला शिकवली तिला नाव नाही? मी सचिवांना शोधायला निघाले, तर मॅडमनी हाताला धरून थांबवलं. आधी बघू दे म्हणाल्या.

त्यांनी डबा लावला. मी दुसरा लावला. बैल तोच, गोष्ट तीच. पण रेघ सरळ. गुळगुळीत, काचेसारखी. एकच बैल, पाय कापून हलवलेला. आत रंग भरलेला, प्लास्टिकच्या बादलीसारखा. पोटावरचा 'निषेध' गेला. घुंगरांच्या जागी लग्नात वाजतं तसलं संगीत. कंपनीचा मुलगा मोठ्या उत्साहाने सांगत होता की ओरिजिनलमध्ये लाइन खूप शेक होत होती, ती आम्ही क्लीन केली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. वाईट वाटतं ते त्याचंच.

मॅडमनी डबा काढला. मला वाटलं आता पट्टीसारखा तो मंडपाबाहेर जाणार. त्या हसायला लागल्या. ठसका लागेपर्यंत हसल्या. "बैलाले इस्त्री करून आणलं वं यायनं."

मग त्या खुर्च्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. एक पाळी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. लोक बसत होते, बघत होते, छान आहे म्हणत डबा काढून देत होते. मॅडम माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाल्या, "पाह्य. कोनीच उठून नाई राह्यलं."

मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं. मागणी एकच: फलकावर मॅडमचं नाव लावा. बाभुळगावात वाटलं, यवतमाळच्या बसस्टँडवर वाटलं. उद्गारचिन्ह एकही नाही. समिती हलली. आम्हाला बोलावलं, चहा आला, आणि सचिव पहिल्याच घोटाला कबूल झाले. नाव लावू, मोठं लावू, फोटोसकट लावू, शाल-श्रीफळ देऊ. मी जिंकले होते. मी मॅडमकडे बघितलं.

"माह्यं नाव कायले लावता?" मॅडम म्हणाल्या. "हे मी काढलं नाई."

सचिव गडबडले. म्हणाले, कल्पना तर तुमचीच ना मॅडम.

"कल्पना सगळ्याइलेच सुचते, भाऊ. रेघ माही होती. ते तुमी पुसली. पुसली ते पुसली, आता त्याच्यावर माह्यं नाव लिहाले निघाले."

आणि त्यांनी त्यांची मागणी सांगितली. शाल नको, फोटो नको. त्याच मंडपात, त्याच ओळीत, एक खुर्ची. तिच्यावर मूळचा थरथरता बैल. लोकांनी दोन्ही बघावेत. बस. सचिवांचा चहा थांबला. दोन-दोन दाखवले तर लोकांचा गोंधळ होईल, कंपनीशी करार झालेला आहे, रेघा हलताना दिसल्या तर मशीन खराब आहे असं वाटेल. नाव हवं तेवढं द्यायला तयार असलेली माणसं एक खुर्ची द्यायला तयार नव्हती. तेव्हा मला कळलं की यात स्वस्त काय आणि महाग काय.

परत येताना मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, मॅडम, हातात आलेलं घालवलं तुम्ही. त्यांनी रस्त्याकडेच्या भिंतीवरच्या एका बकरीचे कान बघून घेतले, मग म्हणाल्या, "तुले नाव पायजे होतं. मले बैल पायजे."

समितीने पुढे काय केलं ते ऐका. वाद नको म्हणून मॅडमचं नाव लावून टाकलं. न विचारता. आज तो इस्त्रीवाला बैल शाळाशाळांतून फिरतो आहे, कळंबला होऊन गेला, मारेगावकडे निघाला आहे, आणि फलकावर मॅडमचं नाव ठसठशीत अक्षरांत आहे. नाव नव्हतं तो अन्याय अर्धा होता. नाव लावलं तेव्हा पूर्ण झाला. म्हणून या लेखात मी ते कुठेही लिहिलेलं नाही.

मॅडम रडत बसलेल्या नाहीत, गैरसमज नको. त्या टाकीत आहेत. सध्या आठवडी बाजार काढताहेत, विकायला आणलेल्या एका शेळीच्या उंचीवरून. सगळीकडे पालेभाजी, आणि तोंड पोचत नाही. परवा मला बसवलं तर मी मेथीच्या जुडीकडे मान लांब केली आणि खुर्चीवरून पडले. मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी स्वतःच्या हाताने चहा केला, आणि तो अजिबात नॉर्मल ट्री नव्हता.

तर आता तुमचं काम. तो इस्त्रीवाला बैल तुमच्या गावात येईल, तुमच्या पोरांच्या शाळेत येईल. आत जा. फलकावर मॅडमचं नाव दिसलं तर ओलं फडकं घ्या आणि पुसून टाका. कोणी विचारलं तर सांगा, हे त्यांनी काढलेलं नाही. मग खुर्चीवर बसा, डबा हातात घ्या, डोळ्यांना लावू नका, आणि मूळचा बैल मागा. आणून देईपर्यंत उठू नका.